हप्ता नवरात्राच्या आधी

रुग्णवाहिका मंजूर व्हायला आमच्याकडे पाच मिनिटं पुरतात. तिच्या ड्रायव्हरच्या पगाराचा विषय मात्र तीन-तीन बैठका पुढे ढकलला जातो.

मी पुण्यातल्या एका उद्योजक कुटुंबाच्या धर्मादाय ट्रस्टमध्ये काम करते. व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा भारदस्त आहे. प्रत्यक्षात आलेले प्रस्ताव वाचायचे, संस्था बघून यायच्या, विश्वस्तांपुढे टिपण ठेवायचं आणि पैसे गेल्यावर त्यांचं पुढे काय झालं याचा माग ठेवायचा, एवढं काम. त्याआधी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या एका संस्थेत मी हिशोब लिहीत होते आणि अशाच ट्रस्टांकडे प्रस्ताव पाठवत होते. उमेदीची वर्षं मागणाऱ्यांत गेली, आता देणाऱ्यांत बसते. त्यामुळे दोन्हीकडची सोंगं ओळखता येतात.

ट्रस्ट मोठा नाही. कारखाना नावारूपाला आल्यावर थोरल्या साहेबांनी तो ऐंशीच्या दशकात काढला. ते गेले. आता त्यांच्या पत्नी, दोन मुलगे, नाशिकला दिलेली मुलगी आणि घराण्याचे जुने सीए असे पाच विश्वस्त आहेत. थोरल्या बाई ऐंशीच्या पुढच्या. ऑफिसातही सगळे त्यांना आजीच म्हणतात. बैठक दर तीन महिन्यांनी बंगल्यातल्या जेवणाच्या टेबलावर होते. आधी चहा, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त, मग प्रस्ताव, आणि त्या दिवशी चतुर्थी नसेल तर बटाटेवडे.

कुटुंबाचा ट्रस्ट म्हणजे घरचाच पैसा, वाटेल तेव्हा वाटेल त्याला द्यावा, असा बाहेर समज आहे. तसं नसतं. एकदा ट्रस्टमध्ये गेलेला पैसा घरचा राहत नाही. तो घरच्या कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवून ठेवता येत नाही. बँकेच्या ठेवी, सरकारी रोखे असल्याच ठिकाणी ठेवावा लागतो. वर्षाच्या उत्पन्नातले पंच्याऐंशी टक्के त्याच वर्षी धर्मादाय कामावर खर्च व्हावे लागतात. शिल्लक ठेवायची तर कशासाठी आणि किती काळ ते लिहून द्यावं लागतं. त्यात १ एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या शंभर रुपयांतले पंच्याऐंशीच खर्च म्हणून धरले जातात. आमच्यासारख्या, स्वतः काही न चालवता फक्त संस्थांना देणाऱ्यांची यात चांगलीच तारांबळ उडते. फेब्रुवारी उजाडला की सीएंचा फोन येतो, "मॅडम, अजून एवढे जायला हवेत, बघा." मग मी संस्थांना फोन लावते. वर्षभर ज्यांना "सध्या जमणार नाही" असं कळवलं त्यांनाच मार्चमध्ये विचारायचं, काही प्रस्ताव तयार आहे का? त्यांच्याकडे तो असतोच. मार्च महिन्यात लवकर खर्च होईल अशी वस्तू कुठली, हे प्रत्येक संस्थेला पाठ असतं. संगणक, पाण्याचं फिल्टर, प्रोजेक्टर, सौर दिवे. महाराष्ट्रातल्या कितीतरी आश्रमशाळांच्या कोपऱ्यात पडून असलेल्या यंत्रांचा जन्म असा मार्चमध्ये झालेला आहे.

या मार्चशी ज्या कामाचं अजिबात जमत नाही, असं एक काम मला फार जवळून बघायला मिळालं. धारूर तालुक्यातलं. बालाघाटच्या डोंगरातली ही गावं दसरा झाला की ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला टोळीबरोबर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या नाही तर कर्नाटकातल्या कारखान्याला जायचं आणि मार्च-एप्रिलात परतायचं. शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा निम्मा वर्ग फडात असतो. जी मुलं मागे ठेवली जातात त्यांच्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मूल गावातच राहतं आणि हंगामभर त्याच्या जेवणाची सोय होते. पण गाव ते मंजुरी आणि मंजुरी ते पैसे हा प्रवास होईपर्यंत टोळीचे ट्रक हललेले असतात. मूल एकदा ट्रकमध्ये बसलं की ते वर्ष गेलं.

आमच्याकडे प्रस्ताव आला तो एका लहान संस्थेचा. तिनं मागितलं होतं ते एका कार्यकर्तीचं वर्षभराचं मानधन, तिच्या स्कूटीचं पेट्रोल आणि दिवाळीपर्यंतच्या जेवणाचा खर्च. इमारत नाही, गाडी नाही, पाटी लावायला जागासुद्धा नाही. मी बघायला गेले.

ती कार्यकर्ती पस्तिशीची, स्वतः ऊसतोड कामगारांची मुलगी. गावातले सगळे तिला ताई म्हणतात. तिच्याकडे कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही होती. रकाने हातानं आखलेले. मुलाचं नाव, इयत्ता, आईबापाचा कोयता कुठल्या मुकादमाकडे, टोळी कुठल्या कारखान्याला, निघायची तारीख, मागे कोण राहणार, त्यांचा फोन. शेवटचा रकाना पेन्सिलीनं भरलेला होता. त्यात तीनच शब्द आळीपाळीनं येत होते. राहील, डळमळीत, जाईल. पेन्सिल का, तर हे रोज बदलतं. सकाळी "राहील" म्हणणारा बाप संध्याकाळी उचलीचा आकडा वाढवून घेतो आणि मग जास्तीचे हात लागतात. नवरात्राचे नऊ दिवस आणि त्याआधीचा पंधरवडा ताईचं एकच काम असतं, डळमळीत लिहिलेल्या घरांचे उंबरे झिजवायचे.

त्यातल्या एका घरी मी तिच्या मागे जाऊन बसले. सातवीतली मुलगी. आईबापाचं बोचकं बांधून तयार, पत्र्याच्या पेटीत भांडी भरलेली. मागे राहणार ती आजी. तिला दिसायला कमी.

"बाई, पोरगी मोठी झाली आता. मला डोळ्यानं दिसंना. रातच्याला तिला कोण राखायचं?"

"मावशी, रातच्याला मी हाय की. पोरी शाळेतच झोपतेत, संगं मी असते."

"तू किती दिस? तुझ्या पगाराचं खरं हाय का?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण प्रश्न माझ्याच पुढ्यात आला होता. त्या म्हातारीला लेकीच्या लेकीला मागे ठेवायचं की नाही हे ठरवायचं होतं, आणि त्यासाठी तिला पुण्यातल्या पाच विश्वस्तांचा ठराव कधी होणार हे कळणं गरजेचं होतं. मुलगी फडात गेली तर नुसतं शिक्षण बुडत नाही. कोपीत राहायचं, धाकट्याला सांभाळायचं, आणि वयात आलेली पोर राखायला कोणी नाही म्हणून एक-दोन हंगामात लग्न. जिल्ह्यात बालविवाह एवढे का, याचं निम्मं उत्तर त्या ओट्यावर बसून मिळतं.

तर मुद्दा रकमेचा नव्हताच. रक्कम लहान होती. ती ऑगस्ट-सप्टेंबरात हातात पडायला हवी होती आणि पुढच्या वर्षीही पडणार याची खात्री हवी होती.

परत येऊन मी टिपण लिहिलं आणि बैठकीत ठेवलं. विरोध झाला, आणि तो मला अपेक्षित होता तिथून झाला नाही. धाकटे साहेब हिशोबी, पण ते गप्प होते. आजी म्हणाल्या, "अगं, पगाराला कसली देणगी द्यायची? ती नोकरी झाली. आमच्या वेळी बायका घरची भाकरी खाऊन बालवाड्या चालवत होत्या." आजींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्वतः तरुणपणी झोपडपट्टीत विनामूल्य काम केलंय. फक्त एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत होती. घरची भाकरी खाऊन सेवा करायला आधी घरी भाकरी असावी लागते. धारूरच्या ताईनं सेवाच करायची ठरवली, तर तिला कोयता घेऊन ट्रकमध्ये बसावं लागेल.

हे तोंडावर बोलता येत नाही. नोकरी माझीही आहे. म्हणून मी जुन्या गोष्टी काढल्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदांनी आयुष्य द्यायचं आणि समाजानं त्यांच्या कुटुंबाला बेताचा निर्वाहखर्च द्यायचा अशी रीत होती. तो खर्च कुठून यायचा? सर रतन टाटांनी गोखल्यांच्या या समाजाला वर्षाला दहा हजार रुपये, अशी दहा वर्षं मदत केली. त्या काळचे दहा हजार. त्यातून इमारत उभी राहिली का, पाटी लागली का, हे कोणी विचारलेलं ऐकिवात नाही. माणसं उभी राहिली. याच रतन टाटांनी दक्षिण आफ्रिकेत गांधींच्या लढ्याला पैसे पाठवले, पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलला आणि लंडनमध्ये गरिबीच्या अभ्यासाला निधी दिला. १९१८ मध्ये ते गेले आणि १९१९ मध्ये त्यांच्या नावानं ट्रस्ट झाला. भावाच्या, म्हणजे सर दोराबजींच्या नावाचा ट्रस्ट १९३२चा. त्यातून १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचं महाविद्यालय निघालं, ज्याला आज आपण टीआयएसएस म्हणतो, आणि १९४१ मध्ये परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय. इमारती या ट्रस्टांनीही बांधल्या. पण रुग्णालयाबरोबर ते चालवायला लागणाऱ्या माणसांचा विचार झाला होता.

दुसरी बाजूही मी लपवली नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये द्यायचं कबूल केलं. विद्यापीठ नुकतं चार वर्षांचं होतं, कर्वे पै-पैसा गोळा करत होते आणि पंधरा लाख हा आकडा तेव्हा डोळे पांढरे करणारा होता. अट अशी की दात्याच्या आईचं नाव विद्यापीठाला द्यायचं. ते आजचं एसएनडीटी. १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्य ठाणंही पुण्याहून मुंबईला गेलं. यात काही वाईट झालं असं मी म्हणणार नाही. हजारो मुली शिकल्या. पण एवढी देणगी मिळालेल्या कर्व्यांनाही सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेत फिरून वर्गणी गोळा करावी लागली, हेही खरं. मोठी देणगी मिळाली की संस्थेची चिंता मिटते, हा देणाऱ्यांचा आवडता समज आहे.

आजी ऐकत होत्या. मी सामाजिक कृतज्ञता निधीचं नाव घेतलं तेव्हा मात्र त्या मध्येच बोलल्या, "लग्नाची बेडी! मी तिकीट काढून गेले होते." डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि इतर नामवंत नटमंडळींनी अत्र्यांच्या त्या नाटकाचे प्रयोग करून निधी उभा केला. नरेंद्र दाभोलकर आणि बाबा आढाव त्यामागे होते. त्या निधीच्या व्याजातून महाराष्ट्रातल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिलं जाऊ लागलं. आजींना नाटक आठवत होतं, लागू आठवत होते, तिकिटाचे पैसे कशासाठी गेले हे त्या विसरल्या होत्या. त्या गेल्या होत्या पगारासाठीच. त्या क्षणी त्या काही बोलल्या नाहीत. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मधल्या काळात दुसरी एक गोष्ट घडली. थोरल्या साहेबांचा नातू अमेरिकेहून व्यवस्थापन शिकून आला आणि ट्रस्टच्या कामात लक्ष घालू लागला. आल्या आल्या त्यानं डॅशबोर्डची कल्पना काढली. सगळ्या संस्थांनी दर महिन्याला मोबाइल अ‍ॅपमध्ये आकडे भरायचे, आपण पुण्यात बसून रंगीत आलेख बघायचे. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. माझ्या जुन्या संस्थेत एका दात्याच्या अशाच अ‍ॅपसाठी दोन कार्यकर्त्यांचे निम्मे दिवस जात. आकडे वेळेवर भरले जात, कारण ते बसल्या जागी भरता येत.

त्याला घेऊन मी धारूरला गेले. तो ताईच्या वहीत डोकं घालून बसला. पेन्सिलीच्या रकान्यावर त्यानं बराच वेळ बोट फिरवलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही आजारी पडलात तर त्या रात्री मुलींजवळ कोण असतं?" ताई म्हणाली, "आजारी पडत नाही, दादा." एवढ्या भेटी देऊन मला हा प्रश्न सुचला नव्हता, संस्थेलाही नाही, आणि प्रस्तावाच्या कुठल्याही फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. परतीच्या वाटेवर गाडीतच त्यानं बजेट बदललं. एका मानधनाची दोन झाली. डॅशबोर्डचं नाव पुन्हा निघालं नाही. व्यवस्थापनाच्या शिक्षणाला मी उगाच नावं ठेवत असे, ते आता कमी केलंय.

पगारापाठोपाठ येतो तो प्रशासकीय खर्च, म्हणजे ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात. या शब्दावर आमच्या क्षेत्रात जितकी भांडणं झालीत तितकी दुसऱ्या कशावर झाली नसतील. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं, मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करणं भाग पडलं आणि पैशाचा ओघ एकदम वाढला. २०२२-२३ मध्ये देशभरात या वाटेनं सुमारे तीस हजार कोटी रुपये खर्च झाले; सगळ्यांत जास्त महाराष्ट्रात. त्या नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. पण कंपन्यांनी ती सरसकट संस्थांच्या गळ्यात अडकवली आणि बघता बघता "पाच टक्क्यांच्या वर ओव्हरहेड नको" हे वेदवाक्य झालं. आमच्या ट्रस्टला सीएसआरचा कायदा लागूसुद्धा होत नाही. तरी आमच्या जुन्या फॉर्मात ते पाच टक्के येऊन बसले होते. कुठून आले हे कोणालाच सांगता येईना.

आणि याच संस्थांकडून मागायचं काय? धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षीचा हिशोब, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, आयकराची नोंदणी, तिचं नूतनीकरण, देणगीदारांची वार्षिक यादी, दर्पण पोर्टल, सीएसआरचा वेगळा क्रमांक, आमच्यासारख्या प्रत्येक दात्याला वेगळं विनियोग प्रमाणपत्र. हे सगळं बिनचूक पाहिजे. ते लिहिणाऱ्या हिशोबनिसाचा पगार मात्र कोणीतरी दुसऱ्यानं द्यावा. तालुक्याच्या गावी असा माणूस टिकवणं किती अवघड असतं हे मला सांगायला नको. तो माणूस मीच होते. दोन दात्यांच्या हप्त्यांमध्ये चार महिन्यांची फट पडली की पहिला पगार थांबायचा तो माझा. कारण मुलांच्या जेवणाला कात्री लावता येत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला आणि ही फट आणखी रुंदावली. परदेशातून मदत घेणाऱ्या मोठ्या संस्थेनं त्यातला वाटा गावपातळीवरच्या लहान संस्थेला देणं बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. कोविडच्या त्याच वर्षात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवर उतरला होता, म्हणजे ठेवींच्या व्याजावर चालणाऱ्या आमच्यासारख्यांचं उत्पन्नही घटलं. मागणाऱ्यांचे फोन दुप्पट आणि द्यायला निम्मं. त्या वर्षी आम्ही नवीन काही दिलं नाही, जुन्यांचं थांबवलं नाही. माझ्या मते ट्रस्टच्या इतिहासातला तो सगळ्यांत शहाणा निर्णय होता, आणि त्याची कुठे बातमी आली नाही.

कंपनीपेक्षा कुटुंबाच्या ट्रस्टकडे पैसा कमी असतो. पण एक मुभा असते जी कंपनीला नाही. वर्षाचा नफा किती झाला यावर पुढच्या वर्षीचं देणं अवलंबून ठेवायची गरज नसते. कारखान्याच्या परिसरातच द्यायचा आग्रह नसतो, जाहिरात विभाग मागे लागलेला नसतो. पाच माणसं एका टेबलाशी बसून "पुढची तीन वर्षं देऊ, कशावर खर्च करायचं ते तुम्ही ठरवा" असं म्हणू शकतात. ही मुभा वापरायची सोडून बहुतेक कौटुंबिक ट्रस्ट कंपन्यांची नक्कल करतात. तेच फॉर्म, तोच तिमाही अहवाल, टी-शर्टावर तेच बोधचिन्ह. श्रीमंताच्या घरी जन्मून नोकरदाराची शिस्त कशाला लावून घ्यायची, हे मला कळत नाही.

याची दुसरी बाजू वाईट आहे. या पाच जणांना विचारणारं कोणी नसतं. हिशोब तपासला जातो, निर्णय नाही. आमचा ट्रस्ट उद्या सगळ्या संस्थांना नकार देऊन एखादं मंदिर संगमरवरी करायला निघाला, तर त्याला कोण अडवणार? आणि संस्था खरं बोलत नाहीत. मी भेटीला गेले की शाल-श्रीफळ तयार असतं. "आणू नका" असं आधी कळवलं तर शाल न आणता नुसतं श्रीफळ आणतात. एरवी पिठलं-भाकरी असते तिथे त्या दिवशी श्रीखंड-पुरी. मुलं स्वागतगीत म्हणतात. "काय अडचणी आहेत?" असं विचारलं की सगळे म्हणतात, तुमची कृपा आहे. अडचण काय आहे ते मला निघताना, गाडीचं दार लावता लावता कळतं, तेही स्वयंपाकाच्या मावशींकडून.

धारूरच्या प्रस्तावाचं अखेर काय झालं ते सांगायला हवं. पुढच्या बैठकीत आजींनीच विषय काढला. दोन मानधनं, पेट्रोल, जेवणाचा खर्च आणि हिशोबनिसाच्या पगाराचा वाटा असं तीन वर्षांसाठी मंजूर झालं. पहिला हप्ता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नवरात्राच्या आधी. अहवाल एक पानी. त्यासोबत वहीच्या त्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, पेन्सिलीच्या रकान्यासकट. ती सातवीतली मुलगी मागे राहिली. त्याच गावातल्या तीन मुली गेल्या. त्यांतल्या एकीचं लग्न झाल्याचं ताईनं अहवालात लिहिलं. तसा तो अहवाल आमच्याकडे आलेला पहिलाच, ज्यात न जमलेलं काही लिहिलेलं होतं. धाकटे साहेब म्हणाले, हा खरा दिसतो.

मोकळी देणगी दिली की सगळं ठीक होतं असं नाही. दुसऱ्या एका संस्थेला आम्ही असेच तीन वर्षांचे पैसे दिले, तिथे संस्थापकांनी भाच्याला व्यवस्थापक नेमलं आणि दीड वर्षात कामाचे तीनतेरा वाजले. आम्ही उरलेले हप्ते थांबवले. तेव्हापासून ज्यांना अटी-शर्ती प्रिय आहेत असे एक विश्वस्त दर बैठकीत त्या भाच्याची आठवण काढतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. अटी घातलेल्या देणगीतही पैसे खाल्ले जातात, फक्त बिलं नीट जोडलेली असतात.

लोकसत्ता दरवर्षी गणेशोत्सवात "सर्वकार्येषु सर्वदा" उपक्रमात दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. निवृत्त शिक्षकाचे पाच हजार, कोणाच्या आईच्या स्मरणार्थ अकरा हजार. त्या पैशांना फॉर्म नसतो, तिमाही अहवाल नसतो. संस्थेनं त्यातून विजेचं बिल भरलं तरी देणाऱ्याची हरकत नसते. ज्यांनी कधी ट्रस्ट काढला नाही त्यांना जे सहज कळतं ते कळायला आमच्या टेबलावर वर्षं लागली.

तुमच्या घरात असा ट्रस्ट असेल, किंवा वडिलांच्या नावानं दरवर्षी काही रक्कम बाजूला काढत असाल, तर एवढं करा. प्रस्ताव मागवण्याआधी संस्थेला फोन करून विचारा की तुमच्याकडचा कुठला खर्च कोणीच देत नाही. उत्तर यायला थोडा वेळ लागेल, कारण हे त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसतं. भाडं म्हणाले तर भाडं द्या, हिशोबनीस म्हणाले तर त्याचा पगार द्या, आणि एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा द्या. आणि संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करत असेल, तर मार्चची वाट बघू नका. पैसे सप्टेंबरात पाठवा.